वाळूची जिवंत गाळणी

वाळूंतून पाणी गाळून घेण्याची रीत सर्वांस ठाऊक आहे. परंतु वाळूच्या दोन कणांमधील फट रोगजंतूच्या मानानें कितीतरी मोठी असते. मग त्या फटींतून सहज निसटूं शकणारा जंतु वाळूंत अडकतो कसा? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं, हें १८९२ सालीं जर्मनींत एल्ब नदीच्या कांठीं दिसून आलें.

त्या वर्षीं हँबर्ग शहरांत पटकीनें ८,००० हून अधिक माणसें दगावलीं. हें शहर आपल्या वस्तीच्या वरच्या अंगास नदीचें पाणी उचली आणि तें न गाळतांच नळांवाटे घरोघर पोंचवी. शेजारच्या आल्टोना शहराची स्थिति वरकरणी याहून वाईट होती. त्याचें पाणी नदीच्या खालच्या अंगाचें, म्हणजे हँबर्गचें सांडपाणी मिसळल्यानंतरचें! तथापि तें वाळूच्या कुंडांतून संथपणें गाळलें जाई. दोन्ही शहरें एकमेकांस इतकीं लागून होतीं कीं, सरहद्दीवर रस्त्याच्या एका बाजूस एका शहराचे नळ, तर दुसऱ्या बाजूस दुसऱ्याचे. पटकीनें मुख्यत्वें हँबर्गच्या नळांचा माग धरला. आल्टोना पुष्कळ अंशीं बचावलें.

हें रक्षण केवळ वाळूनें केलें नाहीं. नवें कुंड पहिले कांहीं दिवस पाणी फारसें शुद्ध करीत नाहीं. पुढें वाळूच्या पृष्ठभागावर एक बुळबुळीत थर धरतो. त्यांत निरुपद्रवी जंतु, शेवाळ आणि एकपेशी प्राणी यांची दाट वस्ती असते. पाण्यांतील सेंद्रिय घाण हेंच त्यांचें अन्न. रोगजंतु त्या चिकट जाळ्यांत सांपडतात, कांहीं भक्ष्य होतात, आणि निसटलेले बरेचसे खालच्या वाळूंत उपासमारीनें मरतात. जर्मन भाषेंत या थरास ‘घाणीचें पांघरूण’ अशा अर्थाचें नांव आहे. उपकाराच्या मानानें तें कृतघ्नपणाचेंच म्हणावें लागेल.

जें जिवंत आहे त्यास ऋतुमान चुकत नाहीं. थंडींत जंतूंचें कार्य मंदावतें. १८९२-९३ च्या हिवाळ्यांत आल्टोना येथें पटकी पुन्हा डोकावली, तेव्हां रॉबर्ट कॉख यांनीं कारण शोधलें. कडाक्याच्या थंडींत साफसफाईसाठीं रिकामें केलेल्या कुंडाची वाळू गोठली होती, आणि तशाच कुंडांतून पाणी घेतलें गेलें होतें. गाळण्याची गति तासाला १०० मिलिमीटर, म्हणजे सुमारें चार इंच, यापुढें नेऊं नये आणि प्रत्येक कुंडाचें पाणी रोज वेगळें तपासावें, असा त्यांनीं आग्रह धरला. सर्व पाणी एकत्र केल्यावर तपासलें, तर एका कुंडाचा दोष इतरांच्या चांगुलपणाखालीं झांकला जातो.

भारतांत कुंडें गोठण्याची भीति बहुतेक ठिकाणीं नाहीं. तेथें उन्हाळ्यांत शेवाळ माजतें, आणि पावसाळ्यांत गढूळ पाण्यांतील माती थरावर बसून कुंड चोंदतें. म्हणून असें पाणी आधीं निवळून घ्यावें लागतें. चोंदलेल्या कुंडाची वरची एकदोन सेंटिमीटर वाळू खरवडून काढली कीं पाणी पुन्हा वाहूं लागतें. परंतु थर नव्यानें धरेपर्यंत तें पिण्यास देतां येत नाहीं. ऊबदार दिवसांत यास कांहीं दिवस पुरतात, थंडींत आठवडे लागतात. तेवढ्या अवधींत गांवास पाणी मिळावें, यासाठीं निदान दोन कुंडें बांधावीं लागतात.