तीन पोरांचं घर : खर्च कुठं वाटला जातो आणि कुणाच्या अंगावर पडतो

बेळगाव : घरात तिसरं मूल आलं की पाहुण्यारावळ्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "आता खर्च कसा भागवणार?" तीन-चार भावंडांत वाढलेल्या माणसाला त्याचं उत्तर माहीत असतं. तीन मुलं म्हणून खर्च तिप्पट होत नाही. काही गोष्टी तिघांत वाटल्या जातात, तर काही प्रत्येकाला वेगळ्याच द्याव्या लागतात. हा फरक समजला की असं घर चालतं कसं, त्यात मजा कुठं असते आणि ओझं कुणावर पडतं, हे सगळंच स्पष्ट होतं.

अशी घरं आता कमी होत चालली आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत देशात एका बाईमागे सरासरी ३.४ मुलं होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हा आकडा २.० वर आला. कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडे तो १.७ आहे, तेलंगणात १.८, गुजरातेत १.९, मध्य प्रदेशात २.०, तर गोव्यात फक्त १.३. म्हणजे बेळगाव असो, बडोदा असो की इंदूर, आजच्या बहुतेक आई-बापांचं लहानपण भावंडांच्या गर्दीत गेलं आणि त्यांच्या मुलांचं मात्र एकट्याने किंवा दुकट्याने चाललंय. तरीही तीन मुलांची घरं गल्लोगल्ली आहेतच.

पहिलीचा खर्च, तिसऱ्याची सोय

समजा, वडगावातलं एक घर घेतलं. बाप मागावर, आई घरीच शिवणकाम करते. थोरली आठवीत, मधली पाचवीत, धाकटा दुसरीत.

पाळणा, दुपटी, स्वेटर, रेनकोट, सायकल, अभ्यासाचं टेबल हा सगळा पहिल्या मुलाच्या वेळचा भांडवली खर्च. कॉमर्सच्या भाषेत बोलायचं तर यंत्र एकदाच घेतलं, घसारा मात्र तिघांवर वाटला. थोरलीसाठी घेतलेली सायकल मधलीने तीन वर्षं चालवली आणि आता ती धाकट्याकडे आलीय. लेडीज सायकल म्हणून त्याने आधी तोंड फुगवलं, मग तिला क्रिकेटचे स्टिकर चिकटवले आणि दुसऱ्या दिवसापासून ती कुणाला हात लावू देईना.

पण घसाऱ्यालाही मर्यादा असते. बूट फिरत नाहीत, कारण दुसऱ्याच्या पायाने झिजलेला बूट चावतो. चष्मा, औषध, दाताचा खर्च ज्याचा त्याचा. शाळेची फीही प्रत्येकाची वेगळी, दुसऱ्या भावंडाला थोडी सूट देणाऱ्या शाळा असल्या तरी. पाठ्यपुस्तकं खाली उतरतात, पण दोन अटींवर : अभ्यासक्रम बदललेला नसावा आणि माध्यम एकच असावं. थोरली मराठी शाळेत आणि धाकटा इंग्रजी माध्यमात असला की पुस्तकांचे दोन वेगळे संच झाले. मग थोरलीचं गणिताचं पुस्तक रद्दीतच जातं. दुसऱ्या-तिसऱ्या मुलाचं माध्यम ठरवताना हा खर्च फारसं कुणी धरत नाही.

या व्यवस्थेत सगळ्यात जास्त कुरकुर मधल्याची असते, आणि ती खोटी नसते. थोरलीचं सगळं नवं, धाकट्यापर्यंत येईतो वस्तू फाटलेली असते म्हणून त्यालाही नवं घ्यावं लागतं. मधलीच्या वाट्याला मात्र कायम वापरलेलं. म्हणून जाणत्या आया वर्षातून एकदा तरी मधलीसाठी काहीतरी नवं घेतात, अगदी कंपासपेटी का असेना. वस्तू पन्नास-शंभराची असते, पण मधली ती उशाशी घेऊन झोपते.

सकाळचा एक तास

तीन पोरांच्या घराची खरी परीक्षा सकाळी असते. न्हाणीघर एक, आरसा एक, घाई तिघांची. आधी कोण आंघोळीला जाणार, याचा क्रम ठरलेला असला तरी भांडण रोजचंच. एकीकडे उप्पीट शिजतं, दुसरीकडे तीन डबे उघडे पडलेले. एकाला भाजी कोरडी लागते, दुसरीला चपाती दुमडलेली नको, तिसऱ्याला लोणचं हवंच. स्वयंपाकाचा कष्ट मात्र तिप्पट नसतो. कणीक एकदाच मळायची, फोडणी एकदाच द्यायची. वेळ जातो तो वेण्या घालण्यात, वह्या शोधण्यात आणि "माझा एक मोजा कुठं गेला?" या प्रश्नात.

जून ते ऑगस्ट बेळगावात पाऊस उसंत देत नाही. युनिफॉर्म वाळत नाहीत, बूट ओलेच राहतात. तिघांचे मोजे चुलीजवळच्या दोरीवर ओळीने लटकतात आणि सकाळी ज्याच्या हाताला जो कोरडा लागेल तो त्याचा. दोन वेगळ्या रंगांचे मोजे घालून शाळेला गेलेलं पोर जवळजवळ प्रत्येक मोठ्या घरात निघतं. पुढे पंचवीस वर्षं लग्नाकार्यात तोच किस्सा सांगितला जातो.

वाटणीतून येणारं शहाणपण

घरात कुंद्याचा डबा आला की तीन पोरांत समान वाटणी कशी करायची? जुनी युक्ती अशी : कापायचं एकाने, आधी उचलायचं दुसऱ्यांनी. कापणाऱ्याला शेवटचा तुकडा मिळणार असतो, म्हणून तो पट्टी लावल्यासारखा कापतो. आईला मध्ये पडावं लागत नाही. व्यवहारातला हा धडा शाळेत नंतर शिकवला जातो, घरात तो आधीच झालेला असतो.

दिवाळीचा किल्ला हे दुसरं उदाहरण. माती आणणं, दगड रचणं थोरलीकडे, मावळे मांडणं मधलीकडे आणि अळीव पेरून रोज पाणी घालणं धाकट्याकडे. धाकटा दिवसातून पाच वेळा पाणी घालतो आणि बुरूज खचतो. मग रडारड, मग दुरुस्ती. कुणाची ताकद काय आणि कुणाला कुठं आवरायचं, हे पोरं अशा वेळी आपापसांत शिकतात.

आजोळी जातानाची बस तर हक्काची करमणूक. जून २०२३ पासून कर्नाटकच्या साध्या बसमध्ये राज्यातल्या महिला आणि मुलींना शक्ती योजनेत पैसे पडत नाहीत. त्यामुळे आई आणि दोघी बहिणींना शून्य रुपयांचं तिकीट, पैसे द्यावे लागतात ते फक्त धाकट्याचे, तेही अर्धे. "पैसे माझेच भरलेत, म्हणून खिडकी माझी," हा त्याचा दावा. बहिणी तो मान्य करत नाहीत, पण पहिल्या थांब्यापर्यंत बसू देतात.

घरची भाषा थोरल्याच्या हातात

राज्याबाहेरच्या मराठी घरांसाठी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. आई-बाप मुलांशी मराठीत बोलतात, ते पुरेसं आहे असं त्यांना वाटतं. पण धाकटी मुलं दिवसातला बराच वेळ आई-बापापेक्षा भावंडांशी बोलण्यात घालवतात. त्यामुळे थोरलं ज्या भाषेत धाकट्याशी भांडतं, खेळतं, खोड्या काढतं, ती हळूहळू पोरांची आपसातली भाषा होऊन बसते. थोरलं शाळेतून कन्नड, हिंदी, गुजराती किंवा इंग्रजी घेऊन आलं आणि तेच धाकट्याशी बोलू लागलं, तर तिसरं मूल मराठी समजतं पण उत्तर दुसऱ्या भाषेत देतं. ग्वाल्हेर-हैदराबादच्या जुन्या मराठी घरांतही हे चित्र अनोळखी नाही.

शाळेची आणि शेजाराची भाषा चांगली यायलाच हवी, त्यात तोटा काही नाही. पण घरात मराठी टिकवायची असेल तर सगळी मेहनत धाकट्यावर घेऊन उपयोग नाही. थोरल्याने धाकट्याला झोपताना मराठीत गोष्ट सांगावी, आज्जीला मराठीत वाचून दाखवावं, एवढी सवय लावली तरी पुढचं काम बरंचसं भावंडंच करतात.

सरकारी हिशेब कधी माणशी, कधी दोनपर्यंत

मोठ्या घराने सवलती समजून घेतलेल्या बऱ्या. अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य ठरलंय, त्यामुळे मुलाचं नाव कार्डावर चढवलं की कोटा वाढतो. अंत्योदय कार्डाला मात्र घरात माणसं कितीही असोत, ३५ किलोच. कर्नाटकची गृहलक्ष्मी योजनाही घरामागे आहे. कुटुंबप्रमुख बाईला महिना दोन हजार, मग मूल एक असो की चार.

काही ठिकाणी हिशेब दोनवरच थांबतो. सुकन्या समृद्धी खातं एका कुटुंबात दोन मुलींचंच निघतं, जुळ्या-तिळ्यांचा अपवाद सोडला तर. नोकरदार बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा मिळते, दोन मुलं असताना पुढच्या बाळंतपणाला १२ आठवडे. जुन्या करपद्धतीत शाळेच्या ट्यूशन फीवरची वजावटही दोनच मुलांसाठी. सीमेपलीकडे चंदगड तालुक्यात ग्रामपंचायत लढवायची तर १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्याचा अर्ज बाद होतो, अलीकडे बेळगाव तालुक्यात ती अट नाही. एकाच भावकीतल्या दोन घरांना दोन नियम लागतात ते असे.

थोरलीच्या नावावर पडणारा खर्च

आता राहिला तो खर्च, जो कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. कपडे, पुस्तकं, सायकल वाटता येते. आई-बापाचा वेळ तसा वाटता येत नाही. धाकट्याचा अभ्यास, मधलीची वेणी, दूध आणणं, भांडण सोडवणं, आई बाहेर गेली की भात लावणं, हे सगळं करायला कुणीतरी लागतं, आणि ते 'कुणीतरी' बहुतेक घरांत थोरली मुलगी असते. थोरला मुलगा असला तर त्याला बाजाराला पाठवतात. थोरली मुलगी असली तर घर तिच्यावर सोडतात. लोक कौतुकाने म्हणतात, "अक्का आहे म्हणून आईला काळजी नाही." तिच्या खेळाची वेळ संध्याकाळी पाच ते सातची होती आणि ती कधीच गेली, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

थोरलीला भावंडांचं करण्यात आनंद नसतो असं नाही. धाकट्याने पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं, ते आईच्या आधी तिनेच पाहिलेलं असतं. तो शाळेत पडला की "अक्काला बोलवा" म्हणतो. हा मान तिला हवाच असतो. प्रश्न मापाचा आहे. आठवीत रोज दोन तास गेले तर निभावतं, दहावीच्या वर्षी तेच दोन तास महाग पडतात. परीक्षा तोंडावर आल्यावर एकदम काम कमी करणं जमत नाही, कारण तोवर धाकट्यांना तिचीच सवय झालेली असते.

यावर उपाय साधे आहेत. मधलीला दहाव्या वर्षापासून काही कामं नेमून द्यावीत. धाकट्याने, मुलगा असला तरी, स्वतःचं ताट उचलावं, डबा घासावा, दप्तर भरावं. बापाने आठवड्यातून दोन दिवस तरी अभ्यासाला बसावं. प्रत्येक मुलाला आठवड्यात थोडा वेळ एकट्याने आई किंवा बाप मिळावा. बाजाराला जाताना एकालाच बरोबर न्यायचं, पुढच्या वेळी दुसऱ्याला. पिशवी धरून चालताना पोरं जे बोलतात, ते तिघं एकत्र असताना कधी बोलत नाहीत.

आणि थोरलीला संध्याकाळचा एक तास मोकळा ठेवावा. त्या तासात तिला कुणी हाक मारायची नाही, धाकट्याने तर नाहीच. घराला हा तास फुकट पडणार नाही, तेवढं काम आई, बाप आणि धाकट्या दोघांत वाटून घ्यावं लागेल. सायकल आणि रेनकोट ज्या घरात इतकी वर्षं वाटून वापरले, तिथं हेही जमण्यासारखं आहे.