खाचरातले भात, घरातले ताट



परंदवडी, उर्से, सोमाटणे या पट्ट्यात आज भाताची खाचरे आणि कारखान्यांची फाटके शेजारी शेजारी आहेत. रोजंदारीवर जाणाऱ्या कुटुंबाला महिन्याचा किराणा जड जातो; तरीही सकाळी मुलांच्या हाती चहाबरोबर बिस्किटाचा पुडा दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. पोट भरते, परंतु अन्न अंगी लागत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सुचविलेल्या प्रौढाच्या दिवसभराच्या ताटात २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी किंवा अंडी-मांस आणि ४०० ग्रॅम भाज्या आहेत. आपल्या घरात धान्याचा वाटा याहून पुष्कळ मोठा असतो व भाजी तोंडी लावण्यापुरती. म्हणून धान्यावरचा खर्च आवरून तो पैसा डाळी व भाजीकडे वळविणे, हाच खरा उपाय होय. शिधापत्रिकेवर २०२३ पासून मोफत मिळणारे धान्य ज्यांच्या हक्काचे आहे, त्यांनी ते संकोच न करता घ्यावे.

बाकीच्यांनी तांदूळ घेण्याऐवजी भात घ्यावे, म्हणजे न सडलेले धान्य. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेला इंद्रायणी आपल्याच तालुक्याचा. कापणीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरात, शेतकऱ्याला रोख पैशाची गरज असते. एक क्विंटल भातापासून सुमारे ६५ किलो तांदूळ मिळतो. २०२५-२६ साठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे; म्हणजे तांदूळ किलोला साधारण साडेछत्तीस रुपये पडतो, भरडाई वेगळी. इंद्रायणीला शेतकरी अधिक मागेल, आणि ते रास्तच आहे. घासाघीस करू नये. तरीही दुकानातल्या भावाशी ताडून पाहावे.

चौघांच्या घराला महिन्याला १५ किलो तांदूळ धरला, तर वर्षाला पावणेतीन ते तीन क्विंटल भात लागते. एवढी रक्कम एकदम कोठून आणावी? येथे भिशी कामी येते. चार-पाच घरांनी पावसाळ्यापासून थोडे थोडे बाजूला टाकले, तर सुगीला उधारी करावी लागत नाही. घेताना दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे; ओलसर भात पोत्यात बुरसते. महिन्याला लागेल तेवढेच गिरणीत न्यावे आणि फार पांढरे करू नये, असे सांगावे. कोंड्याचा थर राहिलेला तांदूळ अधिक सकस असतो. मात्र तो फार दिवस टिकत नाही, म्हणून साठवण भाताचीच करावी.

भात निघाल्यावर त्याच खाचरात उरलेल्या ओलीवर हरभरा, मसूर, वाल होतात. तेही शेतकऱ्याकडूनच मागावेत. भातात जे प्रथिनांचे घटक कमी पडतात ते डाळीत असतात, आणि डाळीत कमी पडणारे भातात; म्हणून आमटी पातळ करून पुरवू नये. आठवड्यातून दोन-तीनदा नाचणीची भाकरी किंवा आंबील असावी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात दहाच्या आसपास.

पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी या रानभाज्या येतात. त्यांना गरिबाची भाजी म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. हेच लोक शहरातल्या महोत्सवात त्या चढ्या दराने खातात! ओळख पटलेलीच भाजी खुडावी. रस्त्याकडेची किंवा कारखान्याच्या नाल्याकाठची घेऊ नये. दारात शेवग्याचे एक झाड व सांडपाण्याऐवजी भाज्या धुतलेल्या पाण्यावर अळूचा वाफा, एवढे चाळीतही जमते. अळूला चिंच हवीच, अन्यथा घशाला खाज सुटते.

आणखी एक बिनखर्चाची गोष्ट. पालेभाजीवर लिंबू पिळावे आणि जेवणानंतर तासभर तरी चहा घेऊ नये. चहामुळे अन्नातले लोह शरीरात नीट शोषले जात नाही.