बंबातल्या माणसाचे कान

निपाणी-देवगड रस्त्यावर मुरगूडच्या अलीकडे-पलीकडे गळीत हंगामात जो अडकला असेल, त्याला हे चित्र नवं नाही. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, त्यावर कर्णे, कर्ण्यांतून गाणी. मागून अग्निशमनाचा बंब भोंगा देत येतोय, कारण वेदगंगेकाठच्या कुठल्या तरी शिवारात तारेची ठिणगी पडून ऊस पेटलाय. ट्रॅक्टरवाल्याला भोंगा ऐकूच येत नाही. बंबाच्या चालकाला मात्र तो सेकंदन् सेकंद ऐकावा लागतो, कारण भोंगा त्याच्याच टपावर, डोक्यापासून हातभर अंतरावर बसवलेला असतो. मार्चचं ऊन, म्हणून काचाही खाली.

ऊस जळाला तर शेतकऱ्याच्या बिलातून जळिताची कपात होते, आणि तिच्यावरून बोंबाबोंबही होते. बंबातल्या माणसाच्या कानातून जी कपात होते, ती कुठल्या बिलावर लिहिलेली नसते.

अग्निशमन सेवेचा इतिहास बहुतेकांना 14 एप्रिलपुरता ठाऊक असतो. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या दारूगोळ्याच्या जहाजाचे स्फोट झाले आणि 66 अग्निशामक जवान गेले. हादरा थेट शिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. पण या सेवेतलं सगळंच नुकसान असं एका दिवशी होत नाही.

आता कानाकडे वळू. प्रस्तुत लेखकाचा जीव अडकला आहे तो इथेच. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी असते आणि तिच्यात सुमारे 15,000 केसपेशी. आवाजाची हालचाल विजेच्या संदेशात बदलायचं काम त्यांचं. एकदा मेल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटात त्यांच्या मरण्याचा क्रमही जवळजवळ ठरलेला: सुरुवात 4,000 हर्ट्‌झच्या आसपास. याला कारण कानाची बाहेरची नळी. ती जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब. बासरीसारखीच तिचीही एक पट्टी आहे, 3,000 हर्ट्‌झच्या जवळपासची. त्या पट्टीतला आवाज ती फुगवून आत सोडते आणि मार बसतो त्याच्या थोडा वर. श्रवणतपासणीच्या आलेखावर तिथे स्पष्ट खाच दिसते.

माणसाला मात्र काही कळत नाही. स्वर ठणठणीत ऐकू येतात. अडखळतात ती ‘स’, ‘फ’, ‘थ’, ‘ख’ अशी हवेवर चालणारी व्यंजनं. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, असं त्याला वाटू लागतं. घरात टीव्ही मोठा होतो, बायको चिडते, तिथवर ठीक. पण धुरात सहकारी ‘थांब’ म्हणून ओरडला आणि याला ‘खांब’ ऐकू आलं तर?

आणि आता एका शिट्टीबद्दल. धुरात शिरणारा जवान पाठीवर श्वसनयंत्र घेतो; बोलीत ‘बीए सेट’. सहा लिटरच्या टाकीत 300 बार दाबाने भरली की साधारण 1,800 लिटर हवा मावते. ती संपत आली की यंत्र शिट्टी मारतं. युरोपीय मानकाप्रमाणे ही शिट्टी 55 बारच्या आसपास वाजली पाहिजे, किमान 90 डेसिबलची आणि 2,000 ते 4,000 हर्ट्‌झमधली. शिवाय अंगावर एक सूचक असतो; जवान सुमारे 30 सेकंद निश्चल पडला की तो किंचाळतो. सूचकाची पट्टीही साधारण तीच, कारण माणसाचा कान तिथेच सर्वांत तीक्ष्ण. म्हणजे भोंगा जी पट्टी आधी खातो, त्याच पट्टीवर जीव वाचवणारी यंत्रं बेतलेली! स्वतःच्या छातीवरची शिट्टी अधू कानालाही ऐकू येईल. अडचण भिंतीपलीकडे पडलेल्या सहकाऱ्याच्या सूचकाची आहे. मध्ये पंप घरघरत असतो.

कोल्हापूरकरांना असा पंपांचा आवाज 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ऐकावा लागला. संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं, तेही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. शाहू महाराजांनी उभारलेलं हे नाट्यगृह 1915 मध्ये खुलं झालं, ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गाणं पोचावं लागे त्या काळात. आज त्याच शहरात विसर्जनाच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंती उभ्या राहतात आणि घाटावर अग्निशमनचे जवान बंदोबस्ताला असतात. तो गोंगाट त्यांच्या कामात कोण धरतं?

नियमांचं म्हणाल तर, आपल्या कारखान्यांच्या नियमांत 90 डेसिबलला आठ तास आणि 100 ला दोन तास मुभा आहे. अमेरिकेची ‘नायॉश’ ही संशोधन संस्था 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं देते. गोंगाटाने आलेलं बहिरेपण कारखान्यांच्या कायद्यात रोग म्हणून नोंदलेलं आहे, पण बंबाची केबिन म्हणजे कारखाना नव्हे. शिवाय सरासरी इथे फसवी. जवानाचे बरेच तास ठाण्यात शांततेत जातात, आवाजाचा मारा मिनिटांचा असतो आणि कागदावर आकडा बरा दिसतो. नायॉशने 1980 च्या दशकापासून अमेरिकी अग्निशामक तपासले, तेव्हा हाच घोळ समोर आला. तिथला जुना ‘क्यू’ भोंगा दहा फुटांवर 123 डेसिबल देतो. हजारो जवानांनी तो बनवणाऱ्या फेडरल सिग्नल कंपनीवर दावे लावले. काही जिंकले, काही हरले.

आपल्याकडे 2021 मध्ये नितीन गडकरी यांनी रुग्णवाहिकेच्या भोंग्याऐवजी आकाशवाणीची धून वाजवण्याची कल्पना मांडली होती. लोक हसले. लेखकाच्या मते ती हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती, पण उपाय त्याहून साधा आहे. भोंगा टपावरून काढून पुढच्या बंपरवर बसवायचा, काचा बंद राहतील अशी थंड केबिन द्यायची, पंप चालवणाऱ्याला कानावरचे रक्षक द्यायचे आणि भरतीच्याच दिवशी प्रत्येकाचा श्रवण-आलेख काढून ठेवायचा. पहिला आलेखच नसेल, तर निवृत्तीच्या वेळी काय गेलं हे सिद्ध कशावरून करणार?

हा अंक मुरगूडच्या किंवा तशाच कुठल्या नगरपरिषदेच्या सभासदाच्या हाती पडला असेल, तर एवढंच: पुढच्या बंबाच्या निविदेत भोंग्याची जागा आणि कानाचे रक्षक, या दोन ओळी घालून घ्या. श्रवणतपासणीला माणशी अर्धा तास पुरतो.