सुई टळली, कान वाचले

चाकूर असो की मुंबई, क्षय म्हटला की माणसे आवाज खाली आणतात. साधा क्षय सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. पण औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर पूर्वी महिनोन्‌महिने इंजेक्शने घ्यावी लागत. अशाच इंजेक्शनांनी मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती गेली. अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळालेली बेडाक्विलिनची गोळी जंतूची ऊर्जाच तोडते, सुई टळते. तिच्या पेटंटची मुदत लांबवू पाहणाऱ्या अर्जाला नंदिताताईंनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासह हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. औषध सापडून भागत नाही, ते परवडावेही लागते. सरकारी उपचारात ते मोफत मिळते. खोकला दोन आठवडे हटला नाही, तर संकोच सोडा, थुंकी तपासून घ्या.