पक्ष्यांपुढें बसलेलें एक आयुष्य

चकोर चंद्रकिरण पिऊन जगतो, चातक मेघोदकावांचून अन्य पाण्यास शिवत नाहीं, हंस नीरक्षीर वेगळें करतो, हें संस्कृत काव्याच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतें. परंतु चकोर दाणे वेंचतो आणि चातक केसाळ सुरवंट आवडीनें खातो, हें सांगणारा क्वचितच भेटतो. आपल्या पूर्वकवींनीं पक्ष्यांवर प्रेम उदंड केलें. पण ते खरोखर काय करतात हें तासन् तास बसून पाहण्याचें व्रत फार थोड्यांनीं घेतलें. असें व्रत जन्मभर चालविणारे एक पुरुष मुंबईंत होऊन गेले. मुलांच्या भवितव्याची चिंता वाहणाऱ्या प्रत्येक गृहस्थानें त्यांच्या जीवनक्रमाचें मनन करावें, असें मला वाटतें.

डॉ. सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजीं मुंबईस झाला. आईबापांचें छत्र बालपणींच हरपल्यामुळें ते मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरीं वाढले. एकदां त्यांनीं छऱ्याच्या बंदुकीनें पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही चिमणी कोणती, हें विचारण्यासाठीं मामांनीं मुलाला बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे पाठविलें. मिलार्डसाहेबांनीं पक्षी तर ओळखलाच, शिवाय पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा सारा संग्रह त्या मुलापुढें मांडला. प्रश्न विचारणाऱ्या मुलास गप्प न बसवितां जाणत्याकडे धाडणें, एवढेंच मामांनीं केलें. पण तेंच पुरलें.

पुढील वाट मात्र सोपी नव्हती. विद्यापीठाची पदवी पदरीं नसल्यामुळें सरकारी प्राणिशास्त्र खात्यांत त्यांना जागा मिळाली नाहीं. १९२६ सालीं मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियममध्यें प्रेक्षकांना माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याचें काम मिळालें. पुढें बर्लिन येथें प्रो. एर्विन श्ट्रेझेमान यांच्यापाशीं अभ्यास करून १९३० सालीं ते परतले, तों पैशाच्या टंचाईमुळें ती जागाच रद्द झालेली! घरीं पत्नी, हातीं काम नाहीं, आणि विद्या अशी कीं जिला बाजारांत मोल नाहीं. आपल्यापैकीं कोणत्या सासऱ्यानें असा जांवई पाहून सुस्कारा टाकला नसता?

तेव्हां हें जोडपें कुलाबा जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या रायगडांतील, किहीम गांवीं समुद्रकांठीं जाऊन राहिलें. तेथें सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. त्या पावसाळ्यांत सालिम अलींनीं ती न्याहाळली, टिपणें केलीं, आणि जें हातीं आलें तें आपल्या भाषेलाही चकित करणारें होतें. आपण ‘सुगरण’ हें स्त्रीलिंगी नांव ठेवलें, पण घरटें विणतो तो नर. तें अर्धेंमुर्धें झालें कीं माद्या येऊन तपासून पाहतात. एकीनें पसंत केलें म्हणजे नर खालीं लोंबणारी लांब नळी विणून तें पुरें करतो. अंडीं उबविणें मादीकडे. नर मात्र लगेच दुसरें घरटें आरंभून दुसऱ्या मादीची वाट पाहूं लागतो! या संसाराचा क्रम जगापुढें मांडला, तो नोकरी गमावलेल्या एका मनुष्याच्या चिकाटीनें.

त्यानंतर हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन इत्यादि संस्थानांत त्यांनीं केवळ खर्चापुरत्या पैशावर पक्ष्यांची पाहणी केली. रानांतील या भटकंतींत पत्नी तेहमिना त्यांच्याबरोबर असत. १९३९ सालीं एका शस्त्रक्रियेनंतर त्या निवर्तल्या. तें दुःख गिळून त्यांनीं १९४१ सालीं भारतीय पक्ष्यांवरील आपलें प्रसिद्ध पुस्तक वाचकांच्या हातीं दिलें. पुढें डॉ. डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनीं रचलेला दहा खंडांचा पक्षिग्रंथ १९६८ ते १९७४ या काळांत प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यांनीं सत्तरी ओलांडली होती.

कोणी म्हणेल, या साऱ्याचा लोकांस उपयोग काय? राजस्थानांतील भरतपूरचें पाणथळ रान आणि केरळांतील सायलेंट व्हॅलीचें अरण्य वांचावें म्हणून त्यांनीं आपला शब्द खर्ची घातला. त्या शब्दास वजन होतें, कारण त्यामागें पन्नास वर्षांच्या नोंदी होत्या. नुसत्या कळवळ्यानें अरण्य वांचत नाहीं. तेथें कोण राहतो, काय खातो, कोठें वीण करतो, हें आधीं ठाऊक असावें लागतें. १९७६ सालीं पद्मविभूषण हा किताब आणि १९८५ सालीं राज्यसभेचें सभासदत्व त्यांच्याकडे चालत आलें. २० जून १९८७ रोजीं ते मुंबईस निवर्तले.

या मार्गांत प्रारंभीं द्रव्य नाहीं, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. आणि प्रत्येक मूल सालिम अली होत नाहीं, हेंही खरें. तरीपण घरांतील एखादें मूल अभ्यास टाकून तासभर मुंग्यांची रांग पाहत बसलें, तर त्याला दटावून उठवूं नये. त्याच्या हातीं एक कोरी वही द्यावी, आणि पाहिलें तें तारीख घालून लिहून ठेव, एवढेंच सांगावें.