डोईवरचे उसने केस

उसन्या केसांना आपल्या भाषेत जुनी नावे आहेत. अंबाडा भरदार दिसावा म्हणून बायका घालीत ते गंगावन. रंगभूमीवर नटाच्या डोईवर चढे तो टोप. या दोहोंना आपल्या घरांतून कधी कुणी नाक मुरडल्याचे स्मरत नाही. पण आजाराने केस गेलेल्या माणसाने टोप घातला, की तेच आपण त्याच्या कपाळाच्या कडेकडे रोखून पाहतो. असे का व्हावे?

संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचे. १८८० साली त्यांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. त्याच नाटकातील शकुंतला पुढे १९०५ साली मिरजेस बालगंधर्वांनी उभी केली. लुगड्याच्या निऱ्यांआड पुरुष आहे, हे पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. तरी आपली फसवणूक झाली असे म्हणत कुणी उठून गेला नाही. उलट घरंदाज बायका बालगंधर्वांचा पेहराव पाहून आपला पेहराव बेतू लागल्या.

घरातल्या बाईचा टोप मात्र आपल्याला खुपतो. याचे मूळ मला केशवपनात दिसते. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये येऊ लागली, तिच्यातील यमूचे दुःख आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीने वाचले, काहींनी भोगले. ती चाल गेली, पण बाईचा उघडा माथा म्हणजे अशुभ, हा धसका मात्र मनातून पुरता गेला नाही.

हे मला नीट उमगले ते खानापूर तालुक्यातील गुंजी येथे राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीमुळे. कर्करोगावरील औषधे सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात उशीवर केसांचे पुंजके दिसू लागले. भराभर वाढणाऱ्या पेशींवर ही औषधे घाला घालतात. केसांची मुळे अशाच पेशींची, म्हणून रोगाबरोबर तीही भरडली जातात. उपचार संपले की बहुधा काही महिन्यांत केस परत येतात, हे डॉक्टरांनी सांगितले होते. पण केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. कमरेपर्यंतची वेणी गमावलेल्या बाईने तोवर काय करावे?

तिने टोप आणला. खऱ्या केसांचा महाग, म्हणून कृत्रिम धाग्यांचा. पहिल्या आठवड्यात तो तिला परक्याचे जोडे पायात घातल्यासारखा वाटे. आत मऊ सुती टोपी घातली तेव्हा कातडीची चुणचुण थांबली. कृत्रिम धाग्याला आच सोसत नाही, म्हणून चुलीपुढे बसताना टोप काढून डोईला रुमाल बांधावयाचा. धुवावयाचा तो गार पाण्यात, आणि वाळवावयाचा सावलीत. गुंजीच्या पावसाळ्यात त्याला दोन-दोन दिवस लागत. रात्री तो पालथ्या कळशीवर ठेवी.

एक अडचण माझ्या धंद्यातली होती. भजनात ती सुरापासून ढळू लागली. गळा तर शाबूत होता. पाहिले तो टोपाची कड कानांवर आलेली, आणि तंबोऱ्याचा झणकार तिला दबून ऐकू येई. कड कानांमागे घेतली, मागचा पट्टा थोडा सैल केला, आणि षड्ज जागेवर आला.

खरा त्रास लोकांचा. माऊली देवीच्या देवळात डोईवर पदर घेऊनच जावयाचे, मग टोप हवाच कशाला, असे तिला शेजारणींनी सुचविले. ती म्हणाली, “पदराखाली काय आहे ते मला ठाऊक असतं ना.” एका हळदीकुंकवाला यजमानीणबाई सर्वांना अबोलीची वेणी देत आल्या आणि हिच्यापाशी घुटमळल्या. हिने आपण होऊन हात पुढे केला, वेणी घेतली आणि टोपात माळली. बाकीच्या बायका क्षणभर गप्प झाल्या, आणि मग बोलणे पूर्ववत चालू झाले. त्या दिवसापासून ती टोप विसरून गाऊ लागली.

पुढे केस आले ते आखूड व कुरळे. टोप तिने मग कधी घातला, कधी नाही.

आजार एकाच तऱ्हेचा असतो असे नाही. आपण जिला चाई म्हणतो आणि आयुर्वेद इंद्रलुप्त, तीत शरीराची संरक्षक शक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. ते केस कधी परततात, कधी नाही. अशा पुरुषालाही लग्नाच्या पंगतीत टोपी काढावयास सांगून थट्टा करणारे भेटतात.

खऱ्या केसांच्या टोपांपैकी कितीएकांची सुरुवात देवळात होते. तिरुपतीस भक्तांनी नवसाचे केस अर्पण केले की देवस्थान त्यांचा लिलाव करते, आणि ते टोपांच्या कारखान्यांपर्यंत पोहोचतात. एकाने देवाला वाहिलेले दुसऱ्याच्या माथ्यावर चढते. यात खोटे काय आहे? तेव्हा वाचकहो, अशी कुणी भेटली तर डोळ्यांत पाहून बोलावे, केसांची चौकशी करू नये, आणि वेणी वाटताना तिलाही ती इतरांसारखीच द्यावी.