एक दिवसाची डोंगरसहल : पैसा कुणाकडे, भरवसा कुणावर?

पावसाळ्याची पहिली झड ओसरली की वाशीम जिल्ह्यातील तरुणांना चिखलदऱ्याचे वेध लागतात. चौकाचौकांत गाड्या ठरतात, वर्गणी जमते आणि रविवारी पहाटे मंडळी निघते. रात्री उशिरा परतणाऱ्यांजवळ फोटो भरपूर असतात, हिशेब मात्र कुणाजवळच नसतो. या धंद्यात पैसा किती फिरतो, तो कुणाच्या हाती पडतो आणि आपल्या भागातील होतकरू मुलांना त्यातून टिकाऊ रोजगार मिळू शकतो काय, हे पाहण्यासाठी गेल्या पावसाळ्यात आम्ही स्वतःच अशा एका सहलीत सामील झालो. आम्ही बाराजण होतो. माणशी वर्गणी ११०० रुपये होती. त्यात गाडी, नाश्ता, जेवण, डोंगरातील एक गाव आणि धबधब्यापर्यंतची पायी वाट, असा करार होता.

कारंज्याहूनच का?

वाशीम जिल्ह्यात डोंगर नाहीत असे नव्हे. अजिंठ्याच्या रांगा इथवर उतरत आल्या आहेत. काटेपूर्णा, अडाण, अरुणावती या नद्यांचे पाणी याच माळांवरून वाहते. पण आपल्याकडचे ओढे पावसाबरोबर धावतात आणि पावसाबरोबरच आटतात. उंच डोंगर आणि चार महिने वाहणारे पाणी पाहायचे तर सातपुड्याकडेच तोंड करावे लागते.

तेथे एक अडचण आहे. वाशीम शहरापासून चिखलदरा सुमारे दोनशे किलोमीटर पडतो. घाट आणि गावोगावची गर्दी धरली तर जाण्यायेण्यात दहा तास सहज जातात. मग उरते ते पाहणे नव्हे, शिवाशिवी होय. कारंज्याहून हेच अंतर दीडशे किलोमीटरच्या आत येते. म्हणून आमच्या संयोजकाने वाशीम आणि मंगरूळपीरच्या लोकांना आदल्या रात्रीच कारंज्यात बोलावले होते. एक दिवसाची सहल विकणारा खरे तर वेळ विकत असतो. ज्याला वेळेचा हिशेब जमत नाही, त्याने या धंद्यात पडू नये.

पहाटेची नमाज आटोपून आम्ही निघालो. मूर्तिजापूर मागे पडले, पूर्णा ओलांडली आणि दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यातून गाडी अंजनगाव सुर्जीला पोहोचली. शिंदे व इंग्रज यांच्यात १८०३ साली तह झाला तो याच गावी. आज हे गाव पानपिंपरीसाठी ओळखले जाते. पुढे अचलपूर आणि परतवाडा. परतवाड्याला नाश्ता झाला आणि घाट सुरू झाला. साडेनऊच्या सुमारास आम्ही ढगात शिरलो होतो.

गाडी गावातून जाते, गावात थांबत नाही

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचावर आहे. भीमाने कीचकाला मारून येथील दरीत फेकले, म्हणून कीचकदरा आणि त्यावरून चिखलदरा, अशी कथा सांगतात. भीमकुंडाचा धबधबा, पंचबोल, देवी पॉइंट, शक्कर तलाव ही नेहमीची ठिकाणे. जवळच गाविलगड आहे. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ च्या सुमारास तो बांधविला. पुढे तो इमादशाहीकडे गेला आणि डिसेंबर १८०३ मध्ये वेलस्लीच्या फौजेने घेतला. किल्ल्यातील जुनी मशीद आजही उभी आहे. पर्यटक तेथे दहा मिनिटे थांबतो आणि भुट्टा खायला परत फिरतो.

व्यापाराच्या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत ती आसपासची गावे. हा मुलूख मुख्यतः कोरकूंचा. त्यांच्याबरोबर गवळी समाज आहे आणि त्यांचा खवा व रबडी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती याच डोंगरावर. मोथा गावच्या शेतकऱ्यांनी हिवाळ्यात स्ट्रॉबेरी घेऊन दाखविली. मधमाशीपालनामुळे आमझरीला ‘मधाचे गाव’ म्हणून ओळख मिळाली. ही योजना खादी व ग्रामोद्योग मंडळाची असून तिची सुरुवात २०२२ साली महाबळेश्वरजवळच्या मांघर गावापासून झाली. परतवाड्याकडे डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळविला, उजाड रान पुन्हा उभे केले आणि सीताफळे स्वतःच्या नावाने बाजारात नेली. २०१४ साली या गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरील पुरस्कार मिळाला.

एवढा माल आणि एवढा उद्योग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असताना सहलीच्या गाड्या या गावांतून नुसत्या निघून जातात. चिप्स परतवाड्याहून येतात, पाण्याच्या बाटल्याही तेथूनच येतात. गावात मागे राहतो तो बाटल्यांचा ढीग!

पाण्याचा रंग

आमच्या संयोजकाने एक गोष्ट शहाणपणाची केली होती. गावातील एका कोरकू तरुणाला त्याने वाटाड्या म्हणून ठरविले होते. या तरुणाने आम्हाला आधी आपले गाव दाखविले. शेणामातीने सारविलेल्या समोरासमोरच्या घरांच्या ओळी, मधली रुंद वाट, परसातली कुटकी आणि मका. मग शेताच्या बांधावरून दीड तास चालवीत तो आम्हाला एका ओढ्याकाठी घेऊन गेला. वाघ प्रकल्पाच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरायचे नाही, हे त्याने निघतानाच बजावले होते.

धबधबा दिसू लागला. त्याच्या पायथ्याशी सपाट खडक होते. तेथे बसून फोटो काढायचे, असे आमच्यातील मुलांनी घरूनच ठरविले होते. खडक शंभर पावलांवर असताना वाटाड्या थांबला. त्याने ओढ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “साहेब, पाणी बदललं. आता पुढं नाही जायचं.”

आम्हाला काहीच बदललेले दिसेना. आभाळ तर मोकळे होते. आमच्यातील एकजण चिडून म्हणाला, “अरे भाई, एवढे पैसे भरून इथवर आलो ते लांबून पाहायला?” वाटाड्याने वाद घातला नाही. तो वाट अडवून उभा राहिला. सकाळी हेच पाणी नितळ होते, आता ते तांबूस झाले आहे आणि त्यात पाला व काटक्या येत आहेत. म्हणजे वर डोंगरात पाऊस कोसळतो आहे, एवढेच त्याने समजावले. आम्ही कुरकुरत वरच्या बाजूला जाऊन बसलो. अर्धा तास झाला नसेल, तोच ते सपाट खडक पाण्याखाली गेले. नंतर फोटोचे नाव कुणी काढले नाही. चिडलेले गृहस्थ परतीच्या वाटेवर वाटाड्याच्या पाठोपाठ मुकाट्याने चालत होते.

यात कथेचा भाग काहीच नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात पुण्याहून आलेल्या एकाच कुटुंबातील पाचजण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. ते उभे होते तेथे पाणी अचानक वाढले. डोंगरातल्या पाण्याला इशारा असतो, पण तो वाचता येणारा माणूस जवळ असावा लागतो.

हिशेब काय सांगतो?

परत येताना आम्ही संयोजकाकडून त्या दिवसाचा खर्च लिहून घेतला. एकूण जमा १३,२०० रुपये. गाडीभाडे ७,२००, चालकाचा भत्ता ५००, पर्यटक कर व वाहनतळ ४००, हॉटेलातील नाश्ता व जेवण २,६४०, चहा व भुट्टे ७२०, वाटाड्या ५००. एकूण खर्च ११,९६०. संयोजकाजवळ उरले १,२४० रुपये.

वाचकहो, या यादीतील शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. बारा माणसांच्या चहाभुट्ट्याला ७२० रुपये गेले आणि ज्याच्या एका शब्दावर बारा माणसे सुखरूप घरी आली, त्याला ५०० मिळाले. ज्या गावाचे नाव सांगून सहल विकली, त्या गावाला सबंध जमेतून शेकडा चारदेखील मिळाले नाहीत. हा केवळ दयेचा प्रश्न नव्हे. पुढच्या रविवारी दुसऱ्या कुणी त्या तरुणाला इतर कामाची ६०० रुपये मजुरी दिली, तर तो तिकडे जाईल. मग संयोजक वाटाड्याशिवाय गाडी नेईल आणि त्या खडकांवर कुणीतरी बसलेले असेल.

आता हाच हिशेब थोडा फिरवून पाहू. वर्गणी १५० रुपयांनी वाढवून १,२५० करावी. जमा १५,००० होते. हॉटेलाऐवजी नाश्ता व जेवण गावातील घरांतून घ्यावे. कुटकीचा भात, भाकरी, डाळ, रानभाजी आणि सकाळचा चहापोहा मिळून माणशी १८० रुपये दिले, तर २,१६० होतात. वाटाडे दोन घ्यावेत, एक पुढे व एक मागे, आणि प्रत्येकी ८०० द्यावेत. बाकीचा खर्च तोच. एकूण १२,५८० रुपये लागतात आणि संयोजकाजवळ २,४२० उरतात. म्हणजे त्याची शिल्लक जवळजवळ दुप्पट होते आणि गावाला ३,७६० रुपये, म्हणजे चार आण्यांचा वाटा मिळतो. मध, खवा, सीताफळ यांची खरेदी वेगळी. गिऱ्हाईकाला हे १५० रुपये जड होतील काय? हाच प्रश्न आम्ही परतीच्या गाडीत विचारला. एकानेही नकार दिला नाही.

ही केवळ कागदावरची कल्पना नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात पुरुषवाडी नावाचे आदिवासी गाव आहे. पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहायला तेथे मुंबई-पुण्याचे लोक जातात. जेवण कुणाच्या घरी आणि वाटाड्या कोण, हे गावातील लोक पाळीपाळीने ठरवितात. त्यामुळे पैसा एका घरात न साचता गावभर फिरतो आणि पाहुण्याची काळजी सगळे गाव घेते.

धंदा करणाऱ्याने काय सांभाळावे?

पहिली गोष्ट गाडीची. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालविणे कायद्यात बसत नाही. अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते आणि एका रविवारचा नफा आयुष्यभराचे कर्ज होऊन बसतो. पिवळ्या पाटीची, परवाना असलेली गाडीच घ्यावी.

दुसरी गोष्ट नोंदणीची. राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. पदभ्रमणासारखे उपक्रम व्यवसाय म्हणून चालविणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, असे त्यात आहे. प्रथमोपचार आणि प्रशिक्षित माणूस यांची अपेक्षा त्यातच येते.

तिसरी गोष्ट करारातील एका वाक्याची. “पाण्याजवळ जायचे की नाही, हे वाटाड्या ठरवील, त्याने नाही म्हटल्यास पैसे परत मिळणार नाहीत.” हे वाक्य वर्गणी घेतानाच वाचून दाखवावे. जे आधी सांगितले त्यावरून भांडण होत नाही.

चौथी गोष्ट हंगामाची. धबधब्याचा धंदा चार महिन्यांचा. बाकीच्या आठ महिन्यांचा विचार न करता कर्जावर गाडी घेणारा फसतो. हिवाळ्यात आपल्याच शेतांवर हुरडा असतो. कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळवीट आहेत. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. २०२० साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. मंगरूळपीरचा दर्गा, शिरपूरचे जैन मंदिर, बंजारा समाजाची पोहरादेवी येथे वर्षभर लोक येतात. पोहरादेवीला २०२४ साली बंजारा विरासत संग्रहालयही सुरू झाले आहे. नियोजन करणाऱ्याची गाडी उभी राहण्याचे कारण नाही.

शेवटी एक गोष्ट. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. हा रस्ता आपल्या कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव तालुक्यांतून जातो. आज आपण पाहुणे होऊन मेळघाटात जातो. उद्या नागपूर-संभाजीनगरच्या गाड्या आपल्या माळावर, आपल्या तांड्यांवर आणि आपल्या शेतांवर येतील. त्या गाड्या आपल्या गावात थांबाव्यात, जेवण आपल्या चुलीवरचे असावे आणि वाट दाखविणाऱ्या आपल्या मुलाला योग्य मोल मिळावे, असेच आपल्याला वाटेल. मग तोच न्याय आज डोंगरातील त्या तरुणाला देण्यापासून सुरुवात करायला काय हरकत आहे?